खोब्रागडे सरांचा अ‍ॅव्हरेज

गेल्या महिन्यात नागपुरात गाडी बघायला गेले होते. शोरूममधला सेल्समन बोलायला पटाईत. दार उघडून, सीटवर हात फिरवून म्हणाला, "मॅडम, बावीसचा अ‍ॅव्हरेज आहे, डोळे झाकून घ्या." मी विचारलं, "कोणी चालवल्यावर?" त्याला वाटलं मी थट्टा करतेय. तो हसला. मग मी टायरमधली हवा, मागच्या सीटवर किती माणसं, रस्ता सपाट की चढाचा, असं एकेक विचारत गेले, तसा तो वरिष्ठांना बोलावून आणतो म्हणून जो गेला तो परत आलाच नाही. बिचाऱ्याची चूक नव्हती. ते प्रश्न माझे नव्हतेच. ते खोब्रागडे सरांचे होते.

आम्ही तिघं भंडाऱ्याहून अपडाऊन करायचो. आसगावच्या पुढे एका खेड्यात आमची शाळा. खोब्रागडे सर विज्ञान शिकवायचे, लांजेवार सर मराठी, आणि मी इंग्रजी. गाडी खोब्रागडे सरांची. पांढरी, लहान, पेट्रोलवरची, बरीच जुनी. माणूस उंच, काटकुळा, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी टायरची हवा मोजायचं गेज. सकाळी साडेआठला मी त्यांच्या दारात पोचायचे तेव्हा ते चाकाशी उकिडवे बसलेले असायचे. टायर थंड असतानाच हवा मोजायची, गाडी चालून तापली की आकडा खोटं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. मला "नमस्कार मॅडम" म्हणायच्या आधी ते चौथ्या चाकाचा आकडा पुटपुटायचे.

पहिल्याच दिवशी मी माझी थोरली बॅग डिकीत टाकायला गेले. सरांनी ती हातात घेऊन तोलून पाहिली.

"यात काय हाये, मॅडम?"

"वह्या. तपासलेल्या."

"तपासून झाल्या, तर मंग रोज कायले फिरवून राहिल्या त्यायले?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी वह्या शाळेतच ठेवल्या.

त्यांच्या मते गाडी कमी पेट्रोल पिणारी किंवा जास्त पिणारी अशी नसतेच. "गाडी, रस्ता, हवा अन् चालवणाऱ्याचा पाय, या चौघायचा मिळून अ‍ॅव्हरेज असते," असं ते सांगायचे. त्यावर मागच्या सीटवर ऐसपैस बसलेले लांजेवार सर विचारायचे, "अन् मांगं बसणाऱ्याचं पोट?" लांजेवार सर चांगले भरभक्कम होते, गोडाचे शौकीन, आणि तिघांत सगळ्यांत जास्त बोलणारे. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले. तीस वर्षांची मैत्री, आणि तीस वर्षं एकमेकांना टोमणे.

"पोट धरूनच मोजतो मी," खोब्रागडे सर म्हणायचे. मग आरशातून माझ्याकडे बघून वर्गात घालावा तसा प्रश्न घालायचे. "मॅडम, एक गाडी एकट्या मालकाले घेऊन लिटरमध्ये बावीस किलोमीटर जाते. दुसरी तिघायले घेऊन अठरा जाते. काटकसरी कोणती?" माझ्या आधीच लांजेवार सर उत्तर द्यायचे, "बैलबंडी."

यात कंजुषी नव्हती, हे मला उशिरा कळलं. चहा-नाश्त्याला हा माणूस कुणाला खिशात हात घालू द्यायचा नाही. त्यांना वाया जाणं सहन व्हायचं नाही, एवढंच. ब्रेक मारायचा त्यांना मनापासून राग. अर्ध्या किलोमीटरवर म्हशींचा कळप रस्त्यावर चढताना दिसला की यांचा पाय उचलला जायचा, आणि गाडी आपसूक मंद होत होत कळपापाशी पोचेपर्यंत शेवटची म्हैस उतरून गेलेली असायची. "ब्रेक मारला म्हंजे आतापर्यंत जाळलेलं पेट्रोल पाण्यात," असं म्हणून ते पुन्हा हलकेच पाय टेकवायचे. तरुणपणी सायकलने भंडाऱ्याला कॉलेजला यायचे. समोरून वारा असला की दम भरून यायचा. हवा किती जड असते हे सायकलवाल्यालाच ठाऊक, असं सांगायचे.

त्यांचा वेग पंचेचाळीस ते पन्नास. धानाची रोपं लादलेले ट्रॅक्टर आमच्या बाजूने हॉर्न वाजवत पुढे जायचे आणि त्यावर बसलेल्या रोवणीच्या बाया आमच्याकडे बघून हसायच्या. माझा जीव जायचा. मी घड्याळ बघायचे, उसासे टाकायचे, एकदा तर एसटीने जाईन अशी धमकी दिली. "जा ना मॅडम," सर शांतपणे म्हणाले, "एसटीचा तर माणशी अ‍ॅव्हरेज आपल्याहून चांगला हाये." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मुलांचे ते लाडके होते. आठवीला घर्षण शिकवायचं होतं तेव्हा त्यांनी गाडी शाळेच्या मैदानात आणली, चारी चाकांतली हवा बरीचशी सोडली आणि चार मुलींना ढकलायला लावलं. पोरींच्या कपाळाला घाम आला तरी गाडी जेमतेम सरकली. मग पायपंपाने एकेक चाक भरायला लावलं आणि पुन्हा ढकला म्हणाले. या वेळी गाडी अशी पळाली की आत बसलेल्या लांजेवार सरांनी आरडाओरडा केला. ("मले कायले बसवलं बापा यात?" "वजन म्हणून.") त्या चार मुली जन्मात घर्षण विसरायच्या नाहीत.

आणखी एक प्रयोग त्यांनी स्वतःवरच केला. काटा खाली येऊन लाल दिवा लागल्यावर गाडी नेमकी किती जाते, हे त्यांना हवं होतं. एका रविवारी दिवा लागला तसे ते लांजेवार सरांना घेऊन भंडाऱ्याजवळच्या कारध्यापुढच्या रस्त्यावर गेले आणि पंचेचाळीसच्या वेगाने गाडी बंद पडेपर्यंत फिरत राहिले. बेचाळीस किलोमीटर. मग पेट्रोल आणायला डबा घेऊन दोघं उन्हात तीन किलोमीटर पायी. सोमवारी लांजेवार सर गाडीत बसायला तयार नव्हते.

एवढं सगळं मी हसत सांगतेय, पण त्यांच्या एका सवयीवर मला तेव्हाही हसू यायचं नाही. टाकी ते कधीच भरायचे नाहीत. जाण्यायेण्यापुरतं पेट्रोल आणि वर दोन लिटर, रोज सकाळी, मोजून. "टाकी भरली म्हंजे पहिलीतलं एक पोट्टं रोज फुकट बसवून फिरवाचं." मी एकदा म्हटलं, "सर, अडीअडचणीला?" ते म्हणाले, "दोन लिटर अडचणीसाठीच हायेत." त्यांनी अडचणही मोजून ठेवली होती.

तो ऑगस्टचा शेवट होता. दोन दिवस पावसाची झड लागली होती. वैनगंगा फुगली होती आणि तिचं पाणी नाल्यांत उलटं शिरत होतं. दुपारी बाराला मुलांना घरी सोडलं. आम्ही निघायची तयारी करत होतो, तेवढ्यात लांजेवार सर स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसले ते उठेचनात. म्हणाले, ॲसिडिटी झाली, सकाळी भजी जास्त झाली. पाऊस पडत असताना त्यांचा शर्ट घामाने भिजला होता आणि ते डावा हात चोळत होते. खोब्रागडे सरांनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि गाडीची किल्ली काढली.

गावातल्या दवाखान्यातली डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची होती. तिने ईसीजीची पट्टी काढून पाहिली, चार गोळ्या चघळायला दिल्या आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "हार्ट अटॅक आहे. इथे मला काहीच करता येणार नाही. भंडाऱ्याला न्या, आत्ता." अ‍ॅम्ब्युलन्स पुरात अडकलेली माणसं काढायला गेलेली. फोनवरचा माणूस म्हणाला, दीड-दोन तास तरी लागतील. नेहमीच्या रस्त्यावर, पवनीकडच्या नाल्यात पुरुषभर पाणी. राहिला तो नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरचा कच्चा रस्ता. तो लांबून फिरून भंडाऱ्याच्या डांबरी सडकेला लागतो.

लांजेवार सरांना मागे निजवलं. त्यांचं डोकं माझ्या मांडीवर. नहराच्या पाळीवर चिखल असा की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरून वर जाईना. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. दोन ठिकाणी पुढे पाणी पाहून मागे फिरावं लागलं. पाऊण तास गेला. डांबरी सडक लागायच्या आधीच लाल दिवा लागला. मी पाहिला. सरांनीही पाहिला.

सडकेवर पहिला पंप आला. तिथे दोरी बांधलेली. टँकर कालपासून पुरापलीकडे अडकला होता. सर पावसात उतरून पंपावरच्या माणसाशी बोलले. तो भला माणूस. त्याने आपल्या मोटरसायकलची नळी काढून पाण्याच्या बाटलीत धरली. पाव लिटरही निघालं नाही. तेवढं ओतलं. सर परत येऊन बसले, आणि त्यांचे ओठ हलताना मला आरशात दिसले. ते हिशेब करत होते.

"दिवा लागून पाच किलोमीटर झाले," ते म्हणाले. "इथून दवाखाना अडतीस."

"मग?"

"जाते. पंचेचाळीसनं गेलो तर जाते."

मला क्षणभर कळलंच नाही. मग मीही हिशेब केला. अडतीस किलोमीटर पंचेचाळीसनं म्हणजे पन्नास मिनिटं. ऐंशीनं अर्धा तास. माझ्या मांडीवर माणूस मरत होता आणि पुढे मोकळा, सरळ रस्ता होता. नाले भरल्यामुळे सडकेवर चिटपाखरू नव्हतं, की ज्याला हात दाखवून थांबवावं.

"सर, पळवा! पुढचं पुढे बघू!"

"ऐंशीनं गेलो तर कारध्याच्या आठ किलोमीटर आधी बंद पडते. मंग तिथं कोण हाये, मॅडम?"

काचेवरची वाफ जावी म्हणून लावलेला एसी त्यांनी बंद केला. काचा वर घेतल्या, फक्त मागची बोटभर खाली ठेवली. बाहेरून पावसाचा, आतून आमच्या श्वासांचा पडदा. पुढची काच धुकाळली की मी मागून वाकून ओढणीने पुसायचे. लांजेवार सरांचा श्वास घरघरायला लागला होता. स्पीडचा काटा पंचेचाळीसवर चिकटवल्यासारखा. रस्ता उताराला लागला की सर पाय पूर्ण उचलायचे, गाडी आवाज न करता घरंगळायची, आणि मला वाटायचं, आता थांबली.

अड्याळ गेलं. लांजेवार सरांनी डोळे उघडले. "खोब्रागडे," ते पुटपुटले, "मले उतरवून दे बापा. वजन कमी होईल." मी रडायला लागले. खोब्रागडे सर हसले नाहीत, वळले नाहीत. त्यांच्या मानेवरची शीर तेवढी उडत होती.

पह्यला गावाच्या आसपास लांजेवार सरांचा हात माझ्या हातातून गळून पडला. मी त्यांच्या गालावर चापट्या मारल्या. डोळे उघडेनात. तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिते, कारण ते मला अजून ऐकू येतं. मी ओरडले, "तुमचा अ‍ॅव्हरेज घाला चुलीत! मित्र मरतोय तुमचा! टाकी भरली असती तर काय झालं असतं?"

काटा पंचेचाळीसवर. समोर बघतच ते म्हणाले, "चूक माझी हाये, मॅडम. तुम्ही बोला. पण आता पाय दाबला तर दुसरी चूक होईल." त्यांचा आवाज कापत होता. पाय मात्र हलला नाही. त्या क्षणी मी त्यांचा जितका तिरस्कार केला तितका आयुष्यात कुणाचा केला नसेल.

कारध्याचा पूल आला आणि गाडी थांबवावीच लागली. अख्खं गाव पूर बघायला पुलावर आलेलं. छत्र्या, मोबाईल, लेकुरवाळ्या बाया, मोटरसायकली आडव्यातिडव्या. खोब्रागडे सरांनी लगेच इंजिन बंद केलं, दार उघडून बाहेर पडले, आणि मी त्यांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला.

"पेशंट हाये गाडीत! पेट्रोल संपून राहिलं! ढकला रे, भाऊहो, ढकला!"

पूर बघायला आलेली माणसं धावली. कुणी मोटरसायकली उचलून कडेला केल्या, दहा-बारा जणांनी गाडीला पाठीमागून हात लावले. सर दारातून एक हात आत घालून स्टिअरिंग धरून पावसात पळत होते. छप्पन्न वर्षांचा माणूस, अनवाणी, चप्पल कुठे पडली कुणास ठाऊक. खाली गढूळ पाणी पुलाच्या खांबांवर आदळत होतं. पलीकडच्या टोकाला गाडी मोकळी झाली, सर आत बसले, इंजिन सुरू झालं. दवाखान्याच्या फाटकात ते दोनदा अडखळलं आणि ओट्यापासून वीस पावलांवर गप्प झालं. स्ट्रेचर तिथवर आलं.

लांजेवार सर वाचले.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले तेव्हा लांजेवार वहिनी येऊन पोचल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण हृदयाचा बराच भाग निकामी झाला आहे, यापुढे फार जपावं लागेल. मग जाता जाता, कुणालाही उद्देशून नाही, सवयीने बोलावं तसं ते म्हणाले, "वीसएक मिनिटं आधी आणलं असतं, तर एवढं नुकसान झालं नसतं."

मी खोब्रागडे सरांकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती. ते बाकावरून उठले आणि डॉक्टरांच्या मागे गेले. "वीस म्हणाले ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांना घाई होती. ते "अंदाजे" म्हणून निघून गेले. सर परत आले, वहिनींसमोर उभे राहिले आणि वर्गात उत्तर द्यावं तसं सरळ सांगितलं, "वहिनी, गाडीत पेट्रोल नव्हतं. मी भरत नाही. म्हणून हळू आणलं."

वहिनींनी त्यांच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं. "आणलं ना, भाऊजी," त्या म्हणाल्या. एवढंच. त्याने सरांचं समाधान झालं नाही, ते मला दिसत होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्यांना सोपं गेलं असतं.

मी त्यावर खूप विचार केला आहे. त्या दिवशी दुसऱ्या कुणाची गाडी असती, टाकी भरलेली, तर सडक लागल्यावर लांजेवार सर अर्ध्या तासात पोचले असते. आणि तेवढ्याच पेट्रोलवर दुसरं कुणी चालवत असतं, मी चालवत असते, तर ते कारध्याच्या अलीकडे रस्त्यावर गेले असते. दोन्ही खरं आहे. मी एक धरून दुसरं सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही. खोब्रागडे सरांना कसं जमणार?

लांजेवार सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. पुढच्या जूनमध्ये माझी आंतरजिल्हा बदली नागपूरला झाली. निघायच्या आधी एकदा लांजेवार सरांना भेटून येऊ म्हणून मी सकाळी सातला त्यांच्या घराकडे निघाले. खरं तर मला खोब्रागडे सरांना भेटायचं होतं. पह्यल्याजवळ जे बोलले त्याची माफी मागायची होती. नंतर आठ महिने रोज त्यांच्यासोबत जाऊनही माझ्या तोंडून ती निघाली नव्हती.

नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोघं दिसले. डॉक्टरांनी लांजेवार सरांना रोज थोडं चालायला सांगितलं होतं, आणि खोब्रागडे सर शाळेत जायच्या आधी रोज पहाटे त्यांच्या घरी येतात, हे मला वहिनींकडून कळलं होतं. पाहिलं मात्र पहिल्यांदाच. लांजेवार सर निम्मे झाले होते. पंधरा-वीस पावलं टाकायचे आणि छातीवर हात ठेवून थांबायचे. ते थांबले की खोब्रागडे सरही थांबायचे. आधार द्यायचे नाहीत, घाई करायचे नाहीत, नुसते शेजारी उभे राहायचे. मागून शाळेच्या पोरी गेल्या, दूधवाले गेले, एक म्हातारी काठी टेकत दोघांना मागे टाकून गेली.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोचले होते. लांजेवार सर धापा टाकत म्हणाले, "तू जा ना बापा समोर. मी येतो मांगून."

"मले कुठी जाचं हाये?" खोब्रागडे सर म्हणाले.

मी हाक मारली नाही. तशीच मागे फिरले.